तुझा ऑफ कधी?

पावसाळा संपलाय, दिवाळीची धावपळ अजून सुरू व्हायचीय. कारखान्यांच्या या शहरात दोघांना एकदम सुट्टी मिळणं म्हणजे लॉटरीच! चिंचवड ते चाकण पट्ट्यातल्या अशाच एका वीकएंडची ही गोष्ट, एक्स्प्रेस-वेचं तोंडही न पाहता...

मुंबईत नवीन ओळख झाली की विचारतात, ‘राहायला कुठे?’ पुण्यात विचारतात, ‘मूळचे कुठले?’ आणि आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये? इथला पहिला प्रश्न ठरलेला, ‘तुझा ऑफ कधी?’

हसू नका! या शहरात सगळं या एका उत्तरावर ठरतं. मित्राची बर्थ-डे पार्टी, सोसायटीची मीटिंग, सिनेमाचं बुकिंग. इतकंच काय, ‘मुलगा-मुलगी एकदा बाहेर भेटू देत’ हा कार्यक्रमसुद्धा. तुम्ही हिंजवडीत आयटीवाले असाल, तर शनिवार-रविवार तुमचे. भोसरी, पिंपरी नाहीतर चाकणच्या कारखान्यात असाल, तर बऱ्याचदा गुरुवार. सगळ्या कारखान्यांचा विजेचा भार एकाच वेळी पडू नये म्हणून सुट्ट्या वेगवेगळ्या वारांवर वाटून देण्याची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे, आणि पडलेली सवय काही सुटत नाही. कॉल सेंटरला असाल तर ‘रोटेशनल’. म्हणजे या आठवड्यात मंगळवार, पुढच्या आठवड्यात देव जाणे! आणि माझ्यासारखे फ्रीलान्सर असाल तर? रोजच ऑफ, आणि कधीच ऑफ नाही.

आता कल्पना करा, यातली दोन प्रकारची माणसं एकाच घरात राहतात. आमच्या घरात राहतात. नवरा चाकणला ऑटो पार्ट्सच्या एका कंपनीत क्वालिटीला. ऑफ गुरुवारी, शिफ्ट दर आठवड्याला बदलती. मी लिहिते. म्हणजे ज्यांच्याशी बोलायचं ती माणसं मोकळी असतील तेव्हा मी कामावर, आणि माणसं मोकळी असतात शनिवार-रविवारी. तो फर्स्ट शिफ्टला असला की पहाटे पाचला घर सोडतो आणि रात्री नऊला झोपतो. मी रात्री अकराला लिहायला बसते. मग संसार चालतो कशावर? फ्रिजवरच्या चिठ्ठ्या आणि व्हॉट्सअॅपवर. ‘दूध संपलंय.’ ‘गॅसवाला येऊन गेला.’ ‘आईंचा फोन होता, कर.’ आमच्या मजल्यावर चार फ्लॅट आहेत. त्यातल्या तीन घरांत थोड्याफार फरकाने हेच चालू आहे.

त्यामुळे ‘शांत वीकएंड’ म्हटलं की मला जाहिरातीतला स्विमिंग पूल आठवत नाही. मला तो प्रश्नच आठवतो. दोघांचा ऑफ एकदम कधी?

रविवार आकाशातून पडला नाही

आपण वीकएंडला हक्काचा म्हणतो, पण हा हक्क मिळवून दिला कुणी, हे किती जणांना माहीत असतं? त्या माणसाचं नाव नारायण मेघाजी लोखंडे. घराणं मूळचं आपल्या पुणे जिल्ह्यातल्याच कन्हेरसरचं. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’ या पत्राचे संपादक. तेव्हा मुंबईच्या गिरण्यांमध्ये कामगार दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत राबायचे. आठवड्याची सुट्टी हा प्रकारच नव्हता. लोखंड्यांनी १८८४मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि त्यांच्या मागण्यांत आठवड्यातून एक दिवस सुट्टी ही मागणी होती. रविवारच का? तर तो खंडोबाचा वार, अशी बाजू त्यांनी मांडली असं सांगतात. १० जून १८९० या दिवशी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे २००५मध्ये भारतीय टपाल खात्याने लोखंड्यांच्या नावाचं तिकीटही काढलं.

म्हणजे बघा, रविवार मिळवण्यासाठी सहा वर्षं भांडावं लागलं होतं. आणि आपण तो मॉलच्या पार्किंगमध्ये जागा शोधण्यात घालवतो!

आमच्या शहराला तर सुट्टीचं हे गणित जन्मापासून चिकटलेलं आहे. १९५४मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, आणि जिथे शेतं होती तिथे पेनिसिलिन तयार व्हायला लागलं. १९६२मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. त्याच दशकात बजाज आणि टेल्को (आताची टाटा मोटर्स) आल्या. कामगारांना राहायला घरं हवीत म्हणून १९७२मध्ये प्राधिकरण झालं, १९८२मध्ये महानगरपालिका. आपल्याकडे आधी भोंगा आला आणि मग गाव मोठं झालं. मग वीकएंडसुद्धा भोंग्याच्याच हिशोबाने येणार ना?

उधारीची सुट्टी

तर झालं असं. नवरात्र संपलं. खंडेनवमीला कारखान्यांतून मशीनची पूजा झाली. सीएनसी मशीनला झेंडूचा हार, पॉवर प्रेसला हळद-कुंकू, कंट्रोल पॅनलवर नारळ. ज्यांनी हे दृश्य पाहिलं नाही, त्यांनी आपल्या शहरातली एक भारी गोष्ट मिस केली म्हणायची. कोजागिरीचं मसाला दूध सोसायटीच्या टेरेसवर झालं. त्यात नवरा नव्हता, तो सेकंड शिफ्टला. आणि बुधवारी रात्री त्याचा मेसेज आला, ‘शनि-रवि लाइन बंद. दोन्ही दिवस ऑफ!!’

चाकणमध्ये अशी सुट्टी कशी मिळते, हे समजून घेण्यासारखं आहे. गाड्या बनवणाऱ्या कंपन्या पार्ट्सचा मोठा साठा करून ठेवत नाहीत. आज लागणारा पार्ट आज, कधी कधी तर लागायच्या काही तास आधी, ट्रकमधून येतो. ‘जस्ट इन टाइम’ म्हणतात त्याला. त्यामुळे गाडीवाल्या कंपनीने आपली असेंब्ली लाइन दोन दिवस थांबवली, की तिला सीट, वायरिंग, ब्रेक, बंपर पुरवणाऱ्या वेंडर लोकांनाही थांबावं लागतं. माल बनवून ठेवणार कुठे? त्यांना माल देणारे आणखी छोटे वेंडर, तेही थांबतात. चाकणच्या रस्त्यांवर ट्रक एवढे का दिसतात, याचंही उत्तर यातच आहे. गोदामातला माल सतत चाकांवर असतो.

अर्थात सुट्टी फुकट नव्हती. बदल्यात दिवाळीनंतरचे दोन गुरुवार भरून द्यायचे होते. म्हणजे आधी मजा, मग हप्ते. अगदी ईएमआयवरची सुट्टी!

मग सुरू झाली नेहमीची चर्चा. लोणावळा? शनिवार सकाळी एक्स्प्रेस-वेवर अख्खी मुंबई आणि अख्खं पुणं एकमेकांना भेटायला निघालेलं असतं. महाबळेश्वर? बुकिंग नाही. मेट्रोने पुण्यात? २०२४पासून पिंपरीतून थेट स्वारगेटपर्यंत बसून जाता येतं, पण तिकडे जाऊन पुन्हा गर्दीच. शेवटी नवराच म्हणाला, ‘‘आपण कुठेच नको जाऊ या का?’’

खरं सांगू? मी जरा घाबरलेच. रिसॉर्टला गेलं की रिसॉर्ट असतं, बुफे असतो, फोटो असतात, वेळ जातो. इथे दोन दिवस फक्त आम्ही दोघं. बोलायचं काय? चिठ्ठ्यांवर चालणाऱ्या संसारात माणसाची बोलायची सवयही मोडते हो. ‘दूध संपलंय’च्या पुढे आपल्याकडे विषय आहेत का, याची परीक्षाच होती ती. तुमच्यापैकी ज्यांची लग्नं आणि प्रमोशनं एकाच वर्षात झाली असतील, त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल.

मग आम्ही नियम केले. घरापासून तीस किलोमीटरच्या आत. बुकिंग नाही. अलार्म नाही. आणि कामाचा फोन आलाच, तर तो स्पीकरवर घ्यायचा. बायको ऐकतेय म्हटलं की साहेबांचे फोन लवकर संपतात, हा आपला अनुभव!

शनिवार : बसच्या खिडकीबाहेरचं चाकण

अलार्म नव्हता, तरी सहाला दोघंही टक्क जागे. शरीराला लाइन बंद असल्याचं कळत नाही. मी म्हटलं, ‘‘तू सहा वर्षं रोज जातोस, ते चाकण मला दाखव.’’

‘‘काय दाखवू? जाताना अंधार असतो आणि येताना मी बसमध्ये झोपलेला असतो.’’

ऐका! फोक्सवॅगनचा कारखाना २००९मध्ये सुरू झाला, त्याच सुमाराला मर्सिडीज-बेंझ आणि मग महिंद्रा आली, आणि आज चाकणचं नाव जगभरच्या ऑटो कंपन्यांच्या नकाशावर आहे. पण तिथे रोज जाणाऱ्याला विचाराल तर गेट, कँटीन, गेट. बस!

चिंचवडहून तळवड्यामार्गे बाइकवर निघालो. ऑक्टोबर हीट म्हणून आपण या दिवसांना शिव्या घालतो, पण सकाळी आठपर्यंतचा ऑक्टोबर एकदम वेगळा असतो. हवेत बारीकसा गारवा, आभाळ धुतल्यासारखं निळं, कंपन्यांच्या कंपाउंडबाहेर माजलेल्या गवतावर दव. जुने लोक याला शरद ऋतू म्हणतात, आश्विन आणि कार्तिक. आपल्या सॅलरी स्लिपवर तो फक्त फेस्टिव्हल अॅडव्हान्स म्हणून येतो. तळवड्यापुढे इंद्रायणी ओलांडली तेव्हा पाण्यावर धुकं होतं. धुक्यात मधूनमधून पांढरा फेसही होता, आणि तो धुक्याचा नव्हता. शहराचं आणि कारखान्यांचं सांडपाणी या नदीत येतं, हे लपवून कशाला ठेवायचं? सुट्टीच्या दिवशी नदीकडे बघायला वेळ मिळतो, मग हेही दिसतं.

शनिवार हा चाकणच्या बाजाराचा दिवस. कांद्याच्या गोण्यांच्या राशी, बटाटा, हिरव्या मिरच्या, मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या, पलीकडे जनावरांचा बाजार. कांद्याच्या व्यापारात चाकणचं नाव गाड्यांच्या कितीतरी आधीपासून मोठं आहे. आणि या कांद्याने इतिहासही घडवलाय. स्वित्झर्लंडमध्ये बर्नला, युनिव्हर्सल पोस्टल युनियनमध्ये भरपूर पगाराची नोकरी करणारे शरद जोशी ती नोकरी सोडून भारतात परतले आणि चाकणजवळच्या आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करायला लागले. शेतीचा हिशोब मांडला तर तो तोट्याचाच निघतोय, हे त्यांनी स्वतः करून पाहिलं आणि त्यातून शेतकरी संघटना उभी राहिली. १९८०मध्ये कांद्याच्या भावासाठी इथल्या शेतकऱ्यांनी पुणे-नाशिक हायवे अडवला होता. तोच हायवे, जिथे हल्ली तळेगाव चौकात आणि आंबेठाण चौकात आपण रोज अडकतो आणि ट्रॅफिकला नावं ठेवतो.

नवऱ्याने गोष्ट ऐकली, दोन किलो कांदे घेतले आणि म्हणाला, ‘‘आंबेठाण चौक म्हणजे मला फक्त वीस मिनिटांचा जॅम माहीत होता.’’

बाजारातून गावात शिरलं की चार पावलांवर संग्रामदुर्ग. हा डोंगरावरचा किल्ला नाही, भुईकोट. चढायचं काही नाही, म्हणून ट्रेकवाले फिरकत नाहीत आणि कंपनीवाल्यांना तो माहीत नाही. १६६०च्या पावसाळ्यात शाहिस्तेखान मोठी फौज घेऊन या एवढ्याशा किल्ल्यावर आला. आत किल्लेदार फिरंगोजी नरसाळा आणि त्यांची काहीशे माणसं. सहज मिळेल म्हणून घेतलेल्या या किल्ल्याने खानाला पन्नासहून जास्त दिवस झुलवलं. शेवटी भुयार खणून, सुरुंग लावून एक बुरूज उडवला, तेव्हा कुठे किल्ला हाती आला. आज काही बुरूज आणि तटबंदी उरलीय, खंदकाच्या खुणा आहेत, आणि भोवती घरंच घरं. तटाच्या सावलीत एक आजोबा बसले होते. आम्हाला बघून म्हणाले, ‘‘कंपनीवाले का? येतात की कधी कधी. रस्ता चुकले की!’’

नवरा तटाच्या दगडांवरून हात फिरवत बराच वेळ उभा होता. मला वाटलं, इतिहासात हरवला. तर म्हणतो, ‘‘यांचं मटेरियल बघ. साडेतीनशेहून जास्त वर्षं आणि रिजेक्शन एवढंच.’’ क्वालिटीवाला माणूस! पण त्यानंतर तो बोलायला लागला. पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवसाबद्दल, नाइट शिफ्टला तीन वाजता येणाऱ्या झोपेबद्दल, एका लॉटमध्ये चूक सापडली तेव्हा पोटात आलेल्या गोळ्याबद्दल. सहा वर्षांत मी हे ऐकलं नव्हतं. कारण मी विचारलं नव्हतं आणि त्याला सांगायला वेळ नव्हता. मिसळ खाता खाता ते सगळं बाहेर आलं.

शनिवार संध्याकाळ : पवनेचा घाट

दुपारी दोनला घरी. झोप. अशी झोप, की उठल्यावर सकाळ आहे की संध्याकाळ हे पाच मिनिटं कळत नाही.

सहाच्या सुमाराला चालत निघालो. या दिवसांत संध्याकाळी रस्त्यावर एक उग्र-गोड वास येतो, तुमच्या लक्षात आलाय? तो सातवीणीचा. सप्तपर्णी म्हणतात तीच. ऑक्टोबरात हिला पांढरट हिरव्या फुलांचे गुच्छ येतात आणि दिवस मावळला की वास सुटतो. काहींना त्याने डोकेदुखी होते, काहींना तो वास म्हणजेच दिवाळीची चाहूल. बाइकवरून जाताना तो एक सेकंद येतो आणि जातो. चालताना पूर्ण रस्ताभर सोबत असतो.

चापेकर चौकातून आत जुन्या चिंचवडात शिरलो. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव या चापेकर बंधूंचं हे गाव. २२ जून १८९७च्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या, त्या याच घरातल्या पोरांनी. तेव्हा त्यांची वयं आपल्यापेक्षा कमीच होती. पुढे मंगलमूर्ती वाडा, आणि मग पवनेकाठचं मोरया गोसावींचं समाधी मंदिर. पावसाळ्यात धरणातून जास्त पाणी सोडलं की नदी थेट मंदिरात शिरते, आणि त्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो. आता मात्र नदी आपल्या जागेवर परतलेली. घाटाच्या पायऱ्यांवर आज्या बसलेल्या, दोन मुलं सायकल शिकत होती, एक बाप हात धरून त्यांच्यामागे पळत होता. कोजागिरी होऊन चार-पाच दिवस झाल्याने चंद्र उगवायला अजून अवकाश होता.

आम्ही पायरीवर बसलो. पहिली दहा मिनिटं दोघांचे हात आपोआप खिशाकडे. फोन काढला, बघितला, ठेवला. पुन्हा काढला. मग त्याने दोन्ही फोन माझ्या पर्समध्ये टाकले आणि चेन लावली. तासभर बसलो असू. फार काही बोललो नाही. पण गप्प बसणं आणि बोलायला काही नसणं, यात फरक असतो. तो त्या घाटावर मला कळला आणि माझी परीक्षेची भीती गेली.

रविवार : त्यांचे पंधरा दिवस, आपले दोन

रविवारी सकाळी भामचंद्र डोंगर. चाकण एमआयडीसीच्या फेज दोनच्या मागे, वासुली आणि शिंदे या गावांजवळ हा डोंगर आहे. संत तुकारामांचं एकांताचं ठिकाण म्हणून देहूच्या आसपासचे तीन डोंगर सांगतात : भंडारा, घोरावडेश्वर आणि हा भामचंद्र. परंपरा असं मानते, की तुकोबा इथे पंधरा दिवस एकांतात बसले आणि इथेच त्यांना साक्षात्कार झाला. दुकान, संसार, कर्ज, दुष्काळ, सगळं मागे ठेवून आलेला एक गृहस्थ! त्यांचं व्यापाऱ्याचं घर होतं, हे आपण विसरतो. धंदा करणाऱ्या माणसालाच एकांताची किंमत कळत असणार.

डोंगराला कातळात खोदलेल्या गुहा आहेत, आत महादेवाचं ठाणं. वर चढताना गवत गुडघ्यापर्यंत, हिरवं होतं ते टोकाकडून सोनेरी व्हायला लागलेलं. सोनकीची शेवटची पिवळी फुलं कुठे कुठे. ऊन नऊलाच चटका द्यायला लागतं, म्हणून जायचं तर लवकर. वाटेत एक वारकरी काका भेटले. ‘‘माउली, पाणी घेतलंय ना बरोबर?’’ एवढंच विचारून पुढे गेले.

वर जाऊन बसलो आणि खाली बघितलं. चारही बाजूंना कारखान्यांची निळी-पांढरी छपरं, मधून मधून शेतं, रस्त्यावर मुंग्यांसारखे ट्रक. नवऱ्याने बोट दाखवलं, ‘‘ते बघ. त्या पाण्याच्या टाकीच्या डावीकडचं. ते माझं.’’ सहा वर्षं आतून पाहिलेलं छप्पर तो पहिल्यांदा वरून बघत होता. ‘‘केवढंसं आहे!’’ म्हणाला आणि हसला.

इथे मी एखादा उपदेश करावा असं तुम्हाला वाटत असेल. नोकऱ्या सोडा, डोंगरावर जा वगैरे. छे! त्या छपराखाली आमच्या फ्लॅटचा हप्ता आहे, त्याच्या बहिणीचं शिक्षण आहे. या पट्ट्यात मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून आलेल्या कितीतरी पोरांची घरं त्या छपरांवर उभी आहेत. ज्यांची जमीन गेली, त्या गावांचे प्रश्न वेगळे, आणि तेही इथून दिसतात. पण एक गोष्ट मात्र वर बसल्यावर सुचली. त्याचा ऑफ बदलणं त्याच्या हातात नाही. लाइन ठरवते. माझा वार मात्र माझ्या हातात आहे. मग मी शनिवार-रविवार का धरून बसलेय? जगाचा वीकएंड शनिवारी असतो म्हणून?

‘‘मी गुरुवारी काम बंद करू का?’’ मी विचारलं.

‘‘पैसे कमी पडतील?’’

‘‘थोडे.’’

‘‘करून बघ. डिसेंबरपर्यंत.’’ मग त्याला आठवलं. ‘‘पण दिवाळीनंतरचे दोन गुरुवार मी कामाला आहे हं.’’

झालं! आमच्या नव्या वीकएंडचा शुभारंभ दोन गुरुवार पुढे ढकलला गेला.

रविवार दुपार : अजेंडा निल

घरी येऊन खिचडी टाकली. इंद्रायणी तांदळाची. हा तांदूळ आपल्या शेजारच्या मावळातला. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून १९८७मध्ये आलेली ही जात. ऑक्टोबरात मावळातली भातखाचरं पिवळी पडायला लागतात, आणि महिन्याभरात नवा तांदूळ बाजारात येतो. सोबत चाकणचा कांदा, बुक्कीने फोडलेला. पापड. दुपारभर पंखा, पेपरच्या पुरवण्या आणि डुलक्या.

संध्याकाळी त्याने युनिफॉर्मला इस्त्री केली, मी सोमवारच्या डेडलाइनची फाइल उघडली. सोमवारी पहाटे पाचला तो गेला तेव्हा मी झोपेत होते. उठल्यावर फ्रिजवर नेहमीसारखी चिठ्ठी होती. ‘दूध आणलंय. रात्रीचं काय ते सांग.’ आता तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? चिठ्ठीखाली त्याने एक चौकोन काढला होता, त्याच्या शेजारी पाण्याची टाकी, आणि वर डोंगरावर दोन ठिपके.

दिवाळीनंतरचे ते दोन गुरुवार त्याने भरून दिले. तिसऱ्या गुरुवारी सकाळी मला एका संपादकांचा फोन आला, अर्जंट काम होतं. मी सांगितलं, ‘‘सर, आज माझा ऑफ आहे. उद्या सकाळी दहाला देते.’’ पलीकडे क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, ‘‘चालेल.’’ इतकं सोपं होतं!

तुमचा ऑफ कुठलाही असो...

चाकण आणि संग्रामदुर्ग : चिंचवडहून वीस-पंचवीस किलोमीटर. भोसरी-मोशीवरून हायवेने किंवा तळवड्यामार्गे. बाजार बघायचा तर शनिवारी सकाळी लवकर. शांतता हवी तर दुसऱ्या कुठल्याही दिवशी. शिफ्ट सुटण्याच्या वेळा टाळा.

भामचंद्र डोंगर : चाकणहून वासुलीच्या दिशेने. पाणी आणि टोपी हवीच. वर साधना करणारी मंडळी असतात, स्पीकर लावून गाणी वाजवू नका.

घोरावडेश्वर : बाइक नसेल तर हा बेस्ट. पुणे-लोणावळा लोकलने बेगडेवाडीला उतरा. डोंगर जुन्या मुंबई-पुणे हायवेच्या कडेलाच आहे. वर बौद्ध लेणी, आणि समोर गहुंजेचं क्रिकेट स्टेडियम दिसतं.

दुर्गा टेकडी, निगडी : ज्यांना फक्त दोन तास आहेत त्यांच्यासाठी. सकाळी झाडांखालून चाला, खाली उतरून पोहे खा, घरी या.

चिंचवडचा घाट : संध्याकाळी. फोन पर्समध्ये, चेन बंद.